शिकायला धाडलेले लेकरू मोर्चात का जाते?

दरवर्षी संक्रांत जवळ आली की आमच्या धावड्यातील आणि भोवतालच्या गावांतील बौद्ध वस्त्यांत तिळगुळापेक्षा जास्त बोलणे छत्रपती संभाजीनगरच्या वाटेचे होते. १४ जानेवारी हा नामविस्तार दिन. त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापुढे उभे राहायचे, महामानवाला वंदन करायचे, शहिदांना आठवायचे आणि रात्रीपर्यंत घरी परतायचे, हा अनेक घरांचा नेम झाला आहे. म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून कडेवरच्या लेकरापर्यंत सारे जातात.

पण याच दिवसांत आम्हाला वस्तीवस्तीतून आणखी एक बोलणे ऐकू येते. बोलणारे आईबाप असतात आणि आवाज दबका असतो. ‘‘लेकराला शिकायला धाडलं, अन् ते तिकडं मोर्चात फिरतंय. त्याला आवरावं का नाही?’’ विद्यापीठाच्या दारापुढे हात जोडणारी माणसेच हा प्रश्न विचारतात. ज्या दारापुढे आपण हात जोडतो त्या दारावरचे नाव विद्यार्थ्यांच्या मोर्चांनीच आणले आहे, हे त्यांना ठाऊक असते. तरीही ते विचारतात. म्हणून या प्रश्नाचे उत्तर नीट द्यायला हवे. घोषणा देऊन ते देता येणार नाही.

प्रश्न भित्र्या माणसांचा नाही

आईबापांचा हा प्रश्न हसण्यावारी नेणारे कार्यकर्ते आम्ही पाहिले आहेत. ‘समाजासाठी एवढे करायलाच पाहिजे’ असे म्हणून ते मोकळे होतात. आम्हाला ते पटत नाही. धावडा हे गाव जालना जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, भोकरदन तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेजवळ वसले आहे. पलीकडे बुलढाणा जिल्हा लागतो. हा पट्टा मिरचीचा, कपाशीचा, मक्याचा. आपल्या बहुतेक घरांकडे जमीन थोडी किंवा नाहीच. मिरची तोडायची, कापूस वेचायचा, निंदणी-खुरपणी करायची, नाही तर हंगाम पाहून वीटभट्टीवर जायचे, असे वर्ष जाते.

अशा घरातले एखादे लेकरू बारावी होते आणि भोकरदन, सिल्लोड, बुलढाणा, जालना नाही तर थेट संभाजीनगर गाठते. खोलीचे भाडे, मेसचे पैसे, एस.टी.चा पास, परीक्षेची फी हा सगळा हिशेब मजुरीच्या दिवसांत मोजला जातो. एका महिन्याच्या मेससाठी आईने किती दिवस मिरची तोडली हे तिला तोंडपाठ असते. तिच्या दृष्टीने लेकराचा बुडालेला एक तास म्हणजे तिचीच बुडालेली मजुरी. शिवाय पोलीस केस झाली तर नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत अडचण येते, हेही आता गावागावांत माहीत झाले आहे. त्यामुळे तो प्रश्न भित्र्या माणसांचा नाही. हिशेबी माणसांचा आहे आणि त्याला हिशेबानेच उत्तर दिले पाहिजे.

हिशेबाची पहिली बाजू इतिहासात आहे. आपल्या लेकराला जो बाक मिळाला तो कोणी, कसा आणि काय मोजून मिळवला, हे घराघरांत सांगितले जात नाही. म्हणून मोर्चा म्हणजे शिक्षणाबाहेरची भानगड असे वाटू लागते.

मिलिंद राजाने प्रश्न विचारले

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. पदवीचे शिक्षण घ्यायचे तर हैदराबादची वाट धरावी लागे. सधन घरच्या मुलालाही ते जड जाई, मग महार-मांगांच्या मुलांची काय कथा! बाबासाहेबांनी ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. मुंबईत १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले आणि त्यानंतर त्यांनी मुद्दाम मराठवाड्याची निवड केली. औरंगाबादला १९५० साली महाविद्यालय सुरू झाले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. तेच आजचे मिलिंद महाविद्यालय आणि तो परिसर नागसेनवन.

ही नावे बाबासाहेबांनी सहज ठेवलेली नाहीत. मिलिंद हा ग्रीक राजा. त्याने भदंत नागसेनांना प्रश्नामागून प्रश्न विचारले आणि भदंतांनी त्याला रागे न भरता उत्तरे दिली. महाविद्यालयाला नाव दिले ते प्रश्न विचारणाऱ्याचे आणि भोवतालच्या वनाला उत्तर देणाऱ्याचे. विद्यार्थ्याने विचारावे आणि शिकवणाऱ्याने, चालवणाऱ्याने उत्तर द्यावे, ही रीत आपल्या शिक्षणाच्या पायातच घातलेली आहे. आपल्या धम्मात प्रश्न विचारणे म्हणजे पाप नाही. तथागतांनी कालामांना सांगितले तेही हेच की, कोणी मोठा सांगतो म्हणून मानू नका, तपासून घ्या.

नागसेनवनात मराठवाड्यातील खेड्यापाड्यांतून मुले आली. पत्र्याच्या पेट्या घेऊन आली, वसतिगृहात राहिली आणि शिकली. शिष्यवृत्तीचा आधार होता. ही शिष्यवृत्तीही आभाळातून पडलेली नाही. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना बाबासाहेबांनी १९४२ मध्ये अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला दिले आणि त्यात उच्च शिक्षणासाठी पैशांची मागणी केली. १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज आपण मोबाईलवर ज्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरतो तिचे मूळ त्या निवेदनात आहे.

मागणी विद्यार्थ्यांची होती

२३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. पंडित नेहरू उद्घाटनाला आले होते. पुढे १९७४ साली मराठवाडा विकास आंदोलन पेटले. वसमतला पोलिसांचा गोळीबार झाला आणि मराठवाडाभर विद्यार्थी रस्त्यावर आले. नोकऱ्या द्या, रुंद रेल्वेमार्ग द्या, मराठवाड्याचा मागासलेपणा दूर करा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. त्या आंदोलनात सर्व जातींची मुले होती आणि त्या आंदोलनाला कोणी ‘अभ्यास बुडवण्याचा धंदा’ म्हटले नाही, हे ध्यानात ठेवा.

१९७७ साली आपल्या विद्यार्थ्यांनी आणि दलित पँथरच्या तरुणांनी मागणी केली की, ज्या महामानवाने मराठवाड्यात ज्ञानाची गंगा आणली त्याचे नाव या विद्यापीठाला द्या. पँथरचे गंगाधर गाडे यांच्यासारखे कार्यकर्ते पुढे होते. प्रारंभी सवर्ण विद्यार्थ्यांच्या काही संघटनांचाही या मागणीला पाठिंबा होता. पण पुढे वारे फिरले. तीन वर्षांपूर्वी एकत्र घोषणा देणारी मुले दोन बाजूंना उभी राहिली. विकासाच्या मागणीत आपण चालत होतो, सन्मानाच्या मागणीत आपण एकदम परके झालो.

सन्मानाची मागणी शिक्षणाच्या मागणीपेक्षा वेगळी असते काय? याचे उत्तर मराठवाड्याबाहेरही मिळते. दक्षिण आफ्रिकेत सोवेटोच्या काळ्या शाळकरी मुलांनी १६ जून १९७६ रोजी मोर्चा काढला. गोऱ्या राज्यकर्त्यांच्या आफ्रिकान्स भाषेतून शिकण्याची सक्ती त्यांना नको होती. पोलिसांनी त्या मुलांवर गोळ्या झाडल्या. त्या मुलांना शाळा नको नव्हती. शाळेत मान खाली घालून बसायला ती तयार नव्हती. आपल्या विद्यार्थ्यांचेही तेच होते. ज्या विद्यापीठाच्या पदवीपत्रावर आपल्या बापाचे नाव चालत नाही, तिथे आपल्याला खरोखर जागा आहे का, हा त्यांचा प्रश्न होता.

२७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव मंजूर केला. लोकशाहीच्या मार्गाने मागणी केली, लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाने ती मान्य केली. पण ठराव होताच मराठवाड्यात वस्त्या पेटवल्या गेल्या. सुमारे १,२०० गावांना त्याची झळ लागली. घरे जळाली, धान्य जळाले, विहिरींचे पाणी बंद झाले, कामावर बहिष्कार पडला. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे यांची, जनार्दन मवाडे यांची हत्या झाली. जालना जिल्हा तेव्हा वेगळा नव्हता. तो १ मे १९८१ रोजी झाला. आपला भोकरदन तालुका त्या वेळी औरंगाबाद जिल्ह्यातच होता. म्हणजे ज्या जिल्ह्याच्या गावी हे विद्यापीठ होते, त्याच जिल्ह्याचे आपण रहिवासी होतो.

ठराव कागदावर राहिला. ११ नोव्हेंबर १९७९ रोजी प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला. विद्यार्थी, शेतमजूर, लेकुरवाळ्या बाया औरंगाबादच्या दिशेने पायी निघाल्या. विदर्भ ओलांडून मोर्चा बुलढाणा जिल्ह्यात आला आणि खडकपूर्णा नदीपाशी पोलिसांनी तो अडवला, लोकांना अटक केली. आपल्या डोंगरात उगम पावून भोकरदन-जाफराबादकडून जाणारी पूर्णा नदी ती हीच. पुढे बुलढाण्यात तिला खडकपूर्णा म्हणतात.

जीव देणे ही रीत होऊ नये

ठरावापासून अंमलबजावणीपर्यंत साडेपंधरा वर्षे गेली. त्या काळात मोर्चे, सत्याग्रह, तुरुंग, लाठीमार हे विद्यार्थ्यांच्या एकामागून एक तुकड्यांनी सोसले. १९७७ साली अकरावीत असलेला मुलगा १९९४ साली स्वतः बाप झाला होता. एस. एम. जोशी, बाबा आढाव यांच्यासारखी सवर्ण समाजातील काही माणसे आपल्या बाजूने उभी राहिली, हेही कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाला ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ हे नाव मिळाले. जुने ‘मराठवाडा’ही राहिले, म्हणून आपण नामांतर न म्हणता नामविस्तार म्हणतो.

शहिदांपुढे आम्ही नतमस्तक आहोत. पण आज शिकणाऱ्या मुलामुलींना आम्ही हात जोडून सांगतो की, जीव देणे ही चळवळीची रीत होऊ देऊ नका. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला गेला. त्याची संशोधनाची फेलोशिप महिनोन्‌महिने थांबलेली होती. वसतिगृहातून त्याला बाहेर काढले होते. त्याच्या मागे देशभरातील विद्यार्थी उठले हे खरे. त्याच्या आईने, राधिका वेमुला यांनी, त्याच वर्षी १४ एप्रिलला मुंबईत दादरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली हेही खरे. पण त्या माउलीला लेकरू परत मिळाले नाही. एकट्या पडलेल्या विद्यार्थ्यावर असा प्रसंग येतो. ज्याच्याभोवती चार मित्र, एक संघटना, एक वडीलधारा माणूस आणि घरची माया असते, त्याला वाट सापडते. आईबापांनो, मोर्चातल्या लेकराशी बोलणे बंद करू नका. त्याला सगळ्यात जास्त गरज त्याच वेळी असते.

नाव आले, मत गेले

एक गोष्ट आपल्या सभांमधून फारशी सांगितली जात नाही. १९९४ हे वर्ष आपल्या नावाच्या विजयाचे. त्याच वर्षी महाराष्ट्र विद्यापीठ कायदा आला आणि महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या खुल्या निवडणुका गेल्या. १९८९ साली मुंबईत ओवेन डिसोझा या विद्यार्थी नेत्याचा खून झाला होता. निवडणुकांतील पैसा आणि दांडगाई वाढली होती, हे नाकारता येणार नाही. त्यावर उपाय म्हणून विद्यार्थ्यांचे मतच काढून घेतले आणि गुणवत्तेच्या नावाखाली प्रतिनिधी नेमायला सुरुवात झाली.

याने काय झाले? ज्याच्या घरी पुस्तके होती, शिकवण्या होत्या, तो पहिला आला आणि तोच सर्वांचा प्रतिनिधी झाला. वसतिगृहातल्या पाण्यासाठी, थकलेल्या शिष्यवृत्तीसाठी भांडणारा खेड्यातला मुलगा बाजूला पडला. दांडगाई थांबवायला बूथवर पोलीस पुरे झाला असता. मतदान बंद करण्याची गरज नव्हती. बाबासाहेबांनी प्रौढ मताधिकारासाठी साउथबरो कमिटीपासून गोलमेज परिषदेपर्यंत झुंज दिली. ती झुंज ज्यांच्या नावाने ओळखली जाते, त्यांचे नाव दारावर लावलेल्या विद्यापीठात विद्यार्थ्याला मत नसावे, यासारखी विसंगती नाही.

२०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी परिषदेच्या निवडणुका पुन्हा आणल्या. परिषदेच्या अध्यक्षाला विद्यापीठाच्या अधिसभेत जागा दिली. अधिसभा म्हणजे जिथे विद्यापीठाचा अर्थसंकल्प मांडला जातो, प्रश्न विचारले जातात ती सभा. २०१९ साली निवडणुकांचा कार्यक्रम लागला, पण तोही पुढे ढकलण्यात आला. कायद्यात असलेला हक्क हातात यावा म्हणून विद्यार्थी मागणी करत असतील, तर ते लोकशाहीचाच धडा गिरवत आहेत.

याच कायद्यात आपल्यासाठी आणखी एक दार आहे आणि ते आपण स्वतःच बंद ठेवले आहे. अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून दिलेले १० सदस्य असतात. त्यात ५ जागा राखीव आहेत. त्यांपैकी एक अनुसूचित जातींसाठी आणि एक महिलांसाठी आहे. मत द्यायचे तर पदवीधराने विद्यापीठाकडे नाव नोंदवावे लागते. आपल्या वस्त्यांत आता पदवीधर कमी नाहीत. शिक्षक आहेत, कंडक्टर आहेत, अंगणवाडी सेविका आहेत, आमच्यासारखे कारकून आहेत. त्यांतील किती जणांनी ही नोंदणी केली आहे, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्यांबद्दल जी खंत बोलून दाखवली, ती केवळ मोठ्या साहेबांसाठी नव्हती.

आजचा लढा खिडकीपाशी आहे

आता हिशेबाची दुसरी बाजू पाहू. आजचा विद्यार्थी मोर्चात का जातो? बहुतेक वेळा त्याची मागणी साधी असते. शिष्यवृत्ती आली नाही, वसतिगृहात जागा नाही, कॉलेज निकाल अडवून बसले आहे.

शिष्यवृत्तीचा कागद कसा फिरतो ते घरातील प्रत्येकाने समजून घ्यावे. जातीचा दाखला, जात पडताळणी, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणि आधारशी जोडलेले बँक खाते, एवढे झाल्यावर महाडीबीटीवर अर्ज भरायचा. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख रुपये आहे. अर्ज आधी कॉलेजकडे जातो. तिथला कारकून तो तपासून पुढे पाठवतो. मग समाज कल्याण कार्यालयाची मंजुरी लागते. पैसा केंद्राचा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के असतो. २०२१-२२ पासून केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येऊ लागला. त्यात कॉलेजची फीही असते. हा पैसा नेमका पेरणीच्या किंवा लग्नाच्या दिवसांत आला की घरात हात सैल होतो. आईबापांनो, तो पैसा खताच्या दुकानात जाऊ देऊ नका. तो कॉलेजात भरला नाही तर पुढच्या वर्षी त्याच लेकराचे नाव अडते.

ज्याला वसतिगृह मिळत नाही त्याच्यासाठी २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या ठिकाणी वर्षाला ६०,००० रुपये, इतर महापालिकांच्या गावी ५१,००० आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,००० रुपये, असे तिचे दर ठरवले गेले. योजना चांगली आहे, पण हप्ता उशिरा आला तर खोलीवाला थांबत नाही. म्हणून मुले समाज कल्याण कार्यालयापुढे बसतात. संशोधन करणाऱ्यांचेही तेच. बार्टीच्या २०२१ च्या फेलोशिपसाठी ८६१ विद्यार्थी पात्र होते, पण सर्वांना ती देण्याऐवजी २०० जणांपुरतीच देण्याचे चालले होते. तेव्हा आपली मुले मुंबईला आझाद मैदानात जाऊन बसली. पीएच.डी.पर्यंत पोचलेले लेकरू मैदानात बसते तेव्हा त्याला हौस नसते.

आमच्या पाहण्यातील एक गोष्ट सांगतो. आमच्या भागातील एक मुलगी बी.एस्सी.ला होती. शिष्यवृत्तीचा अर्ज कॉलेजच्याच खिडकीत पडून राहिला होता आणि त्याच कॉलेजने ‘आधी फी भरा, मग परीक्षेचा फॉर्म घेऊ’ असे बजावले. बाप म्हणाला, सोड शिक्षण. मुलीने शिक्षण सोडले नाही. तिने वर्गात विचारले तर आणखी सहा मुली तशाच अडकलेल्या निघाल्या. सात जणींनी मिळून प्राचार्यांना एक अर्ज लिहिला. अर्जात रागाचे एक वाक्य नव्हते. कोणाचा अर्ज कोणत्या तारखेला भरला, तो किती दिवस पडून आहे, एवढेच होते. एक प्रत समाज कल्याण कार्यालयाला दिली. दोन्ही ठिकाणी शिक्का मारलेली पोच आणि आवक क्रमांक घेतला. आठ दिवसांत अर्ज पुढे सरकले आणि परीक्षेचे फॉर्मही घेतले गेले. सातही जणी परीक्षेला बसल्या.

याला कोणी मोर्चा म्हणणार नाही. पण आंदोलन याहून वेगळे काय असते? एकीला जे नाकारले ते सातजणींना नाकारता आले नाही. शिकणे, संघटित होणे आणि संघर्ष करणे हे बाबासाहेबांनी एकाच दमात सांगितले. शिकून झाल्यावर फावल्या वेळात संघटित व्हा, असे त्यांनी सांगितलेले नाही.

लेकराला काय विचारावे?

तेव्हा आईबापांनो, लेकराला आवरावे की सोडावे, असा प्रश्न नाहीच. त्याच्याजवळ बसून काही गोष्टी विचाराव्यात, असे आम्हाला वाटते.

पहिली गोष्ट, मागणी काय आहे? ती त्याला चार वाक्यांत सांगता आली पाहिजे आणि कागदावर लिहिलेली असली पाहिजे. ज्या मोर्चाला लेखी निवेदन नाही, त्यात आपले लेकरू गर्दीपुरते आहे. दुसरी, निवेदन आधी दिले होते का? अर्ज, स्मरणपत्र, भेट हे सारे झाल्यावरच रस्ता. कागदाची पोच हातात असेल तर मोर्चाला वजन येते. तिसरी, पुढारी कोण आणि त्याचे स्वतःचे लेकरू कुठे आहे? त्याचे लेकरू पुण्यात क्लासला आणि आपले लेकरू त्याच्या निवडणुकीसाठी उन्हात, असे असेल तर लेकराला घरी बोलवा. चौथी, परीक्षा कधी आहे? पेपरच्या आदल्या दिवशी घोषणा देणारा विद्यार्थी आणि पेपर न देणारा विद्यार्थी यांत चळवळीला पहिलाच हवा असतो.

आणि शेवटची गोष्ट, दगड उचलायचा नाही. एस.टी. जाळायची नाही. ती एस.टी. आपलीच असते. तिच्यातून आपल्याच मुली कॉलेजात जातात. नामांतराच्या काळात आपल्या वस्त्या जाळणाऱ्यांची रीत आपण उचलायची नाही. महाडच्या सत्याग्रहापासून आपला मार्ग ठरलेला आहे. पोलिसांनी नाव विचारले तर नाव सांगावे, पळू नये. तोंड लपवावे लागेल असे काही करूच नये.

मुलींबद्दल वेगळे सांगावे लागते. मुलगा मोर्चात गेला तर बाप रागावतो, पण मुलगी गेली तर तिचे कॉलेजच बंद करून लग्न ठरवतो. लाँग मार्चमध्ये बाया चालल्या नसत्या तर तो मार्च एवढा मोठा झाला असता काय? वर सांगितलेल्या सातजणी मुलीच होत्या. मुलीला हक्काचे बोलता येते, म्हणून तिचे शिक्षण काढून घ्यायचे, हा कुठला न्याय! तिला बोलता यावे म्हणूनच तर शिकवायचे.

येत्या १४ जानेवारीला

आमची वस्तीवस्तीतील धम्मबांधवांना एक सूचना आहे. येत्या नामविस्तार दिनाच्या आधी एका रविवारी विहारात सायंवंदना झाल्यावर सर्वांनी तासभर बसावे. दहावी-बारावी झालेल्या मुलामुलींनी आपले दाखले घेऊन यावे. कोणाची जात पडताळणी राहिली, कोणाचे बँक खाते आधारशी जोडलेले नाही, कोणाचा अर्ज कुठे अडला, याची एक वही घालावी. वस्तीतील पदवीधरांनी त्याच दिवशी आपल्या पदवीच्या प्रती काढून ठेवाव्यात आणि विद्यापीठात नाव नोंदवण्याची तयारी करावी. ज्याला कागद कळतो त्याने ज्याला कळत नाही त्याच्याजवळ बसावे. कारकुनाच्या नोकरीत आमच्या हाताला जे वळण लागले ते आम्ही या कामाला लावतो. तुमच्या वस्तीतही असा एखादा तलाठी कार्यालयातला, पोस्टातला, शाळेतला माणूस असेलच.

ती वही घेऊन मग संभाजीनगरला जावे. प्रवेशद्वारापुढे वंदन करावे, लेकरांना शहिदांची नावे सांगावीत. आणि पुढच्या वर्षी शिकायला जाणाऱ्या मुलामुलींना त्याच दिवशी वसतिगृह कुठे आहे, ग्रंथालय कुठे आहे, अर्ज कोणत्या खिडकीत द्यायचा, हे विचारून घ्यायला लावावे. सतरा वर्षे लढून हे नाव दारावर आणले गेले, ते त्या दारातून आपली लेकरे आत जावीत म्हणून. दाराबाहेर दर्शनाची रांग वाढत राहिली आणि वर्गातल्या बाकावर आपली माणसे कमी झाली, तर शहिदांना आपण काय सांगणार?

लेकरू मोर्चात गेले म्हणून घाबरू नका. ते कशासाठी गेले हे विचारा. मागणी खरी असेल आणि मार्ग सरळ असेल तर त्याच्या पाठीवर हात ठेवा, आणि रात्री ते अभ्यासाला बसले की नाही, हेही बघा.

जयभीम! नमो बुद्धाय!